एक नंबरचं मॉड्यूल

पद्माक्काचा फोन आला तेव्हा बाळगोंडा मगदूम ओट्यापाशी चहाचं पाणी मोजत होता. दोन कप.

"बाळू," आक्का म्हणाली, "शैला उठंना रे."

"झोपू दे की जरा. तू बस आत, पाठीमागं."

"झोपलेली न्हाई ती."

मागे कुणाचे तरी आवाज येत होते. कुणीतरी म्हणालं, काच फोडायला नको, दार उघडंच आहे. मग फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला आणि तो माणूस अदबीनं बोलू लागला. बाळगोंडानं सगळं ऐकून घेतलं. हो म्हणाला. फोन ठेवला. गॅस बंद केला आणि मोजलेलं दोन कप पाणी परत हंड्यात ओतलं. का ओतलं ते त्याला नंतरही सांगता आलं नसतं.

झालं होतं ते असं. पद्माक्का उपाध्ये ही इचलकरंजीत त्यांच्या शेजारच्या घरात राहणारी, सत्तरी ओलांडलेली, एकटी. आठवड्यातून तीनदा तिला सांगलीला डायलिसिसला जावं लागे आणि गेली चार वर्षं बाळगोंडाची बायको शैलजा तिला आपल्या गाडीतून नेत असे. अकराला आक्काला आत पोचवायचं, गाडी हॉस्पिटलमागच्या मैदानात लिंबाखाली लावायची, एसी चालू ठेवून सीट मागे पाडायची आणि चारपर्यंत झोपायचं. वॉचमनला हे पाठ होतं. त्या मंगळवारी त्यानं दोनदा गाडीपाशी फेरी मारली आणि दोन्ही वेळा बाई झोपल्यात म्हणून परत गेला.

गाडी पेट्रोलवर आणि विजेवर अशी दोन्हीवर चालणारी होती, एकोणीस वर्षांची. अशी गाडी चालू अवस्थेत उभी असली तर इंजीन बंदच असतं. एसी बॅटरीवर चालतो. बॅटरी उतरली की इंजीन आपणहून सुरू होतं, तिला भरतं, परत बंद पडतं. कुणी थांबवेपर्यंत असंच चालतं. त्या दिवशी कुणी थांबवलं नाही. काटा रिझर्व्हला होता. पेट्रोल संपल्यावर गाडीनं बॅटरीतली सगळी वीज एसीला दिली आणि मग तीही संपली. आक्का चारला बाहेर आली तेव्हा गाडी आतून अजून गार होती.

डॉक्टर म्हणाले, हृदय. बारा ते दोनच्या दरम्यान केव्हातरी. त्रास झाला नसणार, असंही म्हणाले. बाळगोंडाला वाटलं, हे सगळ्यांनाच सांगत असतील.

*

मुलगी ऋतुजा पुण्याहून आली, बारा दिवस राहिली. जायच्या आदल्या दिवशी ती दाराच्या पायरीवर बसली होती. समोर टोचन करून आणलेली गाडी उभी होती.

"पप्पा, मम्मीचा फोन आलेला मला. बारा दहाला. मी मीटिंगमध्ये होते, कट केला."

"हं."

"बारा पन्नासला मी परत लावला. वाजत राहिला. मला वाटलं, झोपली असेल. बारा पन्नासला ती होती का, एवढंच मला कळायला पाहिजे."

"ते कसं कळणार आता?"

"गाडीला माहितीये."

बाळगोंडाला आठवलं, एक वाजता आपणही शैलजाला फोन करणार होतो. मेथी आणायची की नको, विचारायचं होतं. मग काहीतरी काम निघालं आणि राहिलं. हे त्यानं ऋतुजाला सांगितलं नाही.

गाडीला माहीत होतं ते कसं, ते आधी सांगायला हवं. मागच्या सीटच्या पाठीशी बॅटरीचा पेटारा असतो. त्यात अठ्ठावीस मॉड्यूल, एकेक जाड डायरीएवढं, ओळीनं उभी. सगळी एकाला एक जोडलेली, त्यामुळे एक बसलं की ओळ कुरकुरते आणि दोन बसली की गाडी थांबते. असे पेटारे कंपन्यांनी करायचे कधीच सोडून दिले होते. नव्या गाड्यांचे पेटारे सीलबंद असत, ते उघडायचे नसतात, टाकायचे असतात. जुन्या गाड्या त्यामुळे भंगारात गेल्या असत्या, पण सातआठ वर्षांपूर्वी 'सोबत' नावाची युक्ती निघाली.

थकलेल्या मॉड्यूलच्या आतल्या पट्ट्यांवर बारीक खडे वाढतात. विजेचे ठोके दिले तर ते विरघळतात, हे पूर्वीही माहीत होतं. पण ठोक्यांची चाल प्रत्येक मॉड्यूलला वेगळी लागते आणि ती बाहेरून ठरवता येत नाही. कुणाच्या तरी लक्षात आलं की ती चाल शेजारच्या मॉड्यूलकडून घेता येते. म्हणून प्रत्येक मॉड्यूलच्या टोकाला नखाएवढी चिप बसवायची आणि दोन-दोनाच्या जोड्या लावायच्या. एकाचं तापणं, दमणं, भरणं दुसऱ्याची चिप टिपत राहते आणि त्याप्रमाणे आपल्याला सांभाळते. तीन आठवड्यांत दोघं एका चालीला येतात. मग अशी जोडी आणखी दहा वर्षं चालते.

तोटा एकच. जोडीतलं एक मेलं की दुसरं धडधाकट असून कामाचं राहत नाही. त्याची चिप मेलेल्याच्या वाट्याची वीज बाजूला काढतच राहते. त्याला दुसरी सोबत द्यायची तर आधी चिपला जुनी विसरायला लावावी लागते. आणि जोडी का फुटली ते पुढे तपासता यावं म्हणून मागे राहिलेल्याची चिप फुटण्याआधीच्या चार तासांची नोंद गोठवून ठेवते. गाडीतलं काहीही हललं तरी वीज लागते. काच खाली केली, एसी वाढवला, ब्रेकवर पाय ठेवला, सगळं त्या नोंदीत असतं. विसरवलं की नोंदही जाते.

"पुण्यात एक लॅब आहे, ते वाचून देतात," ऋतुजा म्हणाली. "सहा आठवड्यांनी नंबर मिळालाय. त्या दिवशी जे फुटलं त्यातलं राहिलेलं मॉड्यूल तेवढं जपून ठेवा. लावू नका कुठं."

"बरं."

"नक्की ना?"

"ठेवतो म्हटलं की."

*

ती गेली त्या दिवशी पद्माक्काचे पाय सुजले.

शेजारचे दोघे घरी असले की तिला उचलून टॅक्सीत बसवत; ते नव्हते त्या दोन पाळ्या चुकल्या होत्या. चालकाविना चालणारी टॅक्सी दारापर्यंत यायची, पण दार उघडलं की नव्वद सेकंद थांबायची. आक्काचा उजवा पाय वर उचलायलाच साठ सेकंद लागत. पहिल्यांदा ती अर्धी आत असताना दार मिटायला लागलं. दुसऱ्यांदा तिनं टॅक्सी नुसतीच घालवून दिली. माणसानं चालवायची भाड्याची गाडी आता लग्नालाच मिळे, तीही हार घालून.

"मरू दे की आता," आक्का म्हणाली. "किती दिवस ते रगात धुवून घालायचं अंगात."

"शनवारी जायाचं हाय," बाळगोंडा म्हणाला. "तयार राहा."

"कशातनं? तुझ्या पाठुंगळी बसून?"

"गाडी करतो मी."

"तू?" आक्कानं त्याच्याकडे नीट बघितलं. "तू तर बॅटरी धरणारा माणूस."

बॅटरी म्हणजे टॉर्च. ते खरंच होतं. बाळगोंडा जॉबर होता, यंत्रमाग दुरुस्त करणारा. चाळीस वर्षं लूम बिघडला की आवाजावरून सांगायचा काय झालंय ते. पण गाडीचं सगळं शैलजा करायची. तीन वर्षांपूर्वी पेटारा उघडून अठ्ठावीसच्या अठ्ठावीस मॉड्यूलांना चिपा तिनं बसवल्या, तेव्हा तो टॉर्च धरून उभा होता आणि ती त्याला सांगत होती, हलवू नका ओ, लूम न्हाई हा.

बुधवारी सकाळी त्यानं काढायला घेतली. शैलजाचे रबरी हातमोजे त्याला होईनात, म्हणून बाजारातून मोठे आणले. मागची सीट सोडवली. पेटाऱ्याच्या कडेची नारंगी खिट्टी ओढली आणि दहा मिनिटं घड्याळाकडे बघत बसला. खिट्टी काढल्यावरही दहा मिनिटं आत वीज जिवंत असते. एक हात खिशात ठेवायचा, ती म्हणायची, दोन हात लावले तर करंट छातीतनं जातो. त्यानं डावा हात खिशात ठेवला. पाना एका हातानं फिरवायला वेळ लागत होता. वेळ होता.

पेटारा उचलायला शेजारचे दोघे आले, ठेवून गेले. झाकण काढल्यावर प्रत्येक मॉड्यूलच्या माथ्यावर लाल नेलपेंटनं काढलेले आकडे दिसले. कंपनीनं इंग्रजी आकडे खालच्या अंगाला छापलेले होते. शैलजानं आपले आकडे वर मराठीत घातले होते. कंपनीचे इंग्रजी, माझे मराठी, म्हणजे गोंधळ नको, असं ती त्या वेळी म्हणाली होती.

एकेक नट सोडवून त्यानं एकेक मॉड्यूल मीटरवर तपासलं. चोवीस थकलेली पण जिवंत. दोन शून्य. आणि दोन चांगली असून एकटी. त्यातलं नऊ नंबरचं त्याला माहीत होतं. दिवाळीत एक गेलंय, गाडी जरा ओढती, असं शैलजा म्हणाली होती, ते त्याचं जोडीदार. दुसरं होतं एक नंबरचं. त्याची जोडी त्या मंगळवारी, बॅटरी पार उतरली तेव्हा फुटली होती. ऋतुजाला हवं होतं ते हेच.

एक नंबर आणि नऊ नंबर दोन्हीच्या टोकांना त्यानं चिकटपट्टी लावली, मध्ये टॉवेलची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

*

बाबासो चौगुल्याचं दुकान कोल्हापुरात उद्यमनगरात होतं. आसपासच्या तीन जिल्ह्यांत सोबतीचं काम करणारा तो एकटाच. बाळगोंडा बसनं गेला, पिशवी मांडीवर घेऊन.

"या अण्णा, बसा. वैनी आल्या न्हाईत?" बाबासो म्हणाला. "मागं आल्त्या तवा मलाच शिकवून गेल्या. म्हटलं, बाई, दुकान तुमीच चालवा."

"ती गेली. पंधरा-वीस दिवस झाले."

बाबासो उभा राहिला. मग काय करावं न कळून परत बसला. चहा सांगितला. कसं झालं ते विचारलं. बाळगोंडानं सांगितलं, लूम कसा बंद पडला ते सांगावं तसं. मग पिशवी उघडून दोन्ही मॉड्यूल टेबलावर ठेवली.

"दोन्ही चांगलीच हायती की. हे दोन वि..." बाबासो बोलता बोलता थांबला.

"काय?"

"काय न्हाई. एकटी पडल्याली."

"तुम्ही काय म्हणता ह्यांना दुकानात?"

"ऱ्हाऊ द्या ओ अण्णा."

"म्हणा की. शब्दच हाय."

"विधुर म्हणतो," बाबासो टेबलाकडे बघत म्हणाला. "कामगार म्हणत्यात. पयल्यांदा कुणी काढला कुणास ठाऊक. बायका आल्या की न्हाई म्हणत आमी."

"विधवा का न्हाई म्हणत?"

"ती कशी ऱ्हाती हो, एकटी बी चालती," बाबासो म्हणाला. "ह्येच अडून बसतंय."

बाळगोंडा हसला. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे गालाला ओढ बसली, एवढंच त्याला जाणवलं.

मग कामाचं बोलणं झालं. अठ्ठावीस भरायला चार हवी होती. बाबासोकडे त्या वयाची, आधीच विसरवलेली तीन होती. चौथं बाळगोंडाकडच्या दोनपैकी एक.

"नऊ नंबर विसरवा," बाळगोंडा म्हणाला. "एक नंबर तसंच ठेवायचं. त्याच्यात त्या दिवशीची नोंद हाय. मुलीला पायजे."

"वैनींची?"

"व्हय."

बाबासोनं मान हलवली. जास्त काही विचारलं नाही. "पर तपासायला दोन्ही लावतो. फुगलंय, गळालंय, ते कळंल."

मशीन परदेशी होतं, नवंच आणलेलं, जात्याएवढं. वर दोन खाचा आणि त्यांवर एक कॅमेरा. बाबासोनं डाव्या खाचेत एक नंबर ठेवलं, उजवीकडे नऊ नंबर. दोन्ही ठीक निघाली. मग त्यानं मशीनला तोंडी सांगितलं, नऊ विसरव, आणि बाळगोंडासाठी तीन मॉड्यूल काढायला पाठीमागच्या फडताळाकडे वळला.

"ह्याला आदी बोट लावून सांगाय लागायचं," तो पाठमोरा बोलत होता. "आता नुस्तं बोलायचं. आकडा स्वतः वाचतंय. आमच्या मंडळीला दाखवलं तर म्हणती, मग तुमची काय गरज."

पडद्यावर मोठा हिरवा 9 उमटला आणि डाव्या खाचेशी दिवा लागला.

डावी खाच. बाळगोंडानं बघितलं. शैलजाचा लाल एक तिथे होता. वर गोल, खाली वळलेली शेपूट. इंग्रजी वाचणाऱ्याला तो नऊच दिसणार. उजवीकडचा मराठी नऊ मशीनला वाचताच आला नव्हता.

हिरव्या नऊखाली दुसरे आकडे सुरू झाले. दहा. या दहा सेकंदांत थांब म्हटलं की मशीन थांबतं, हे बाबासोनं चहा पिताना सांगितलं होतं. नंतर थांबत नाही.

नऊ. आठ.

बाबासो फडताळात वाकून काहीतरी सरकवत होता. बाहेर कुणीतरी लोखंड तासत होतं. बाळगोंडाचे हात मांडीवर होते. सात. सहा. त्याला घाई वाटली नाही. बारा पन्नास, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि एक वाजता. ते आकडे आले आणि पुढे काही आलं नाही. चार. तीन. तोंडात चहाची चव होती.

शून्य झाल्यावर दिवा लाल झाला आणि मशीन बारीक गुणगुणू लागलं.

बाबासो तीन मॉड्यूल छातीशी धरून वळला. ती टेबलावर ठेवून त्यानं मशीनकडे बघितलं. मग वाकून नीट बघितलं.

"अण्णा, हे एक हाय की ओ."

"व्हय."

"नऊ म्हटलं होतं मी. मशीननं..." त्यानं पडद्याकडे, मग नेलपेंटकडे बघितलं. "आरं द्येवा. ह्येनं एकाचं नऊ वाचलं." त्यानं घाईनं दोन बटणं दाबली, तोंडी थांब म्हणाला, परत म्हणाला. मशीन गुणगुणत राहिलं. "आता न्हाई थांबत. अण्णा, काय करू मी? तुमी बगत होता न्हवं, तुमच्या ध्येनात..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. बाळगोंडानंही केलं नाही.

"मी बोलतो पोरीसंगं," थोड्या वेळानं बाबासो म्हणाला. "माझी चूक हाय, माझ्या मशीनची हाय. फोन लावा, आत्ता बोलतो."

"नको. मी सांगतो."

विसरवायला तास लागतो. तो तास दोघं बसून राहिले. बाबासोनं परत चहा सांगितला, कुणी प्यायलं नाही. नऊ नंबर बाळगोंडानं टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवलं. त्यात दिवाळीतल्या कुठल्यातरी दिवसाची नोंद होती. त्या दिवशी शैलजा बहुतेक बाजारात गेली असावी.

*

बसवायला दोन दिवस लागले. प्रत्येक मॉड्यूल शेजारच्याच्या उलट उभं करायचं असतं, एकाचं टोक वर तर दुसऱ्याचं खाली, नाहीतर सगळा पेटारा जळतो. तीनदा मोजून त्यानं नट आवळले. एक नंबरला बाबासोकडच्या एका मॉड्यूलची सोबत दिली. त्याच्या माथ्यावर कुणाच्या तरी हातचा पांढरा आकडा होता. नारंगी खिट्टी बसवली, पेट्रोल ओतलं, बटण दाबलं. गाडीनं आवाज केला नाही. दिवे लागले. सहा सेकंदांनी इंजीन आपणहून सुरू झालं आणि त्यानं ते कान लावून ऐकलं. आवाजात दोष नव्हता.

शनिवारी आक्काला बसायला चार मिनिटं लागली. गाडी थांबून राहिली.

"ब्रेक लई जोरात दाबतोस," अंकलीच्या पुलावर आक्का म्हणाली. "शैला हळू दाबायची."

"सवय हुईल."

"माझ्यापायी गेली रे ती. मला घेऊन आली नसती तर घरात तरी असती. कुणीतरी बगितलं असतं."

बाळगोंडानं गाडी चालवली. सांगलीत तिला आत पोचवून तो बाहेर आला. लिंबाखाली जागा मोकळी होती. त्यानं गाडी दुसरीकडे, भिंतीला लावली आणि काचा उघडून बंद केली. उकडत होतं. वॉचमन लांबून बघत होता. थोड्या वेळानं तो जवळ आला.

"काका, जागं हाय न्हवं?"

"जागा हाय."

तो अर्ध्या तासानं परत आला आणि परत विचारून गेला. चारपर्यंत सातदा आला. बाळगोंडानं दर वेळी उत्तर दिलं.

दोनच्या सुमाराला ऋतुजाचा फोन आला. लॅबमधला कुणाचा तरी नंबर रद्द झाला होता. सहा आठवडे थांबायला नको, येत्या गुरुवारीच घेतो म्हणाले होते. ती स्वतः येऊन मॉड्यूल घेऊन जाणार होती, उद्याच, रविवारी.

"ठेवलंय ना जपून?"

"ये तू," तो म्हणाला. "जेवायलाच ये."

"बरं. पप्पा, तुम्ही कुठे आहात? गाड्यांचा आवाज येतोय."

"सांगलीत. आक्काला घेऊन आलोय."

"गाडी झाली? तुम्ही केली? मम्मीला खरंच वाटलं नसतं."

गाडी चालते आहे. आक्काची पुढची पाळी मंगळवारी आहे. एक नंबरचं मॉड्यूल त्याच्या जागेवर आहे आणि नव्या सोबतीशी एका चालीला यायला त्याला आणखी जवळजवळ तीन आठवडे लागतील.

मशीननं एकाचं नऊ वाचलं, हे ऋतुजाला सांगायला अवघड नाही. ते बाबासोसुद्धा सांगेल. आकडे दहापासून खाली येत होते आणि तो बघत बसला होता, हे सांगायचं राहिलं आहे.